राक्षसिणीच्या शेजारी

तिसरीच्या वर्गात पाऊल टाकलं आणि बाईंच्या काळजाचा ठोकाच चुकला. शेवटच्या बाकाखालून दोन भलेमोठे बूट बाहेर आलेले!

"कोण आहे तिथे? बाहेर या आधी!"

"आलो, आलो..." एक उंच तरुण धूळ झटकत सरपटत बाहेर आला. "पोरांना इथून जग कसं दिसतं ते बघत होतो. तुम्ही तर आभाळाएवढ्या दिसता हो!"

"सुतार आहात का?"

"छे! गोष्टी लिहायला शिकवतो," म्हणत तो हसला. सकाळी सकाळी इतकं गोड हसतं का कुणी? बाईंनी फणकाऱ्यानं खडू उचलला, पण फळ्यावर तारीख लिहायचीच विसरल्या.

पोरांनी त्याचं नाव गोष्टीदादा ठेवलं. दर शनिवारी तो यायचा आणि पोरं वर्ग डोक्यावर घ्यायची. त्याची पद्धतच अजब. सगळ्यांनी गोल बसायचं, गोष्टीत एकेकानं एकेक वाक्य घालायचं, आणि गोष्टीत कुणी दुष्ट असेल तर शेवटी त्याचंही काहीतरी भलं करायचं. बाई मात्र वह्यांच्या ढिगाआड बसून राहायच्या. अभ्यासक्रम कधी पुरा व्हायचा? मुख्याध्यापकांनी त्यांनाच विचारलं होतं, हा वर्ग चालू ठेवायचा की बंद करायचा? आज शाळा सुटायच्या आत सांगायचं होतं आणि बाईंचं उत्तर ठरलं होतं — बंद. तो पुन्हा दिसणार नाही हे मनाला लागत होतं खरं... पण तिकडे त्यांनी कानाडोळा केला.

"आज दुष्ट कोण, ते तुम्हीच ठरवा," गोष्टीदादा पोरांना म्हणाला. बिचाऱ्याला काय कल्पना!

"एक राक्षसीण होती," दात पडलेली चिमुरडी म्हणाली.

"ती लाल पेनानं चुका खायची!"

"आणि कध्धीच हसायची नाही."

वर्गात खसखस पिकली. गोष्टीदादाचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे, थांबा, थांबा—"

"बोलू द्या त्यांना," बाई म्हणाल्या. कानशिलं तापली होती, पण उठून जायचं तरी कुठे?

आता भलं करायची पाळी आली. पोरं विचारात पडली. मग कोपऱ्यातला चष्मेवाला हळूच म्हणाला, "राक्षसीण मधल्या सुट्टीत एकटीच डबा खाते, कारण तेव्हाही ती आमच्या वह्या बघत असते."

"म्हणून एक दिवस सगळे डबे घेऊन तिच्या टेबलापाशी गेले."

"आणि आधी तिला विचारलं, बसू का?"

बाई थक्क झाल्या. एवढीशी ही पोरं, आणि त्यांच्यात एवढं मोठं मन आलं कुठून? यांना धड वाचता येत नाही अशी तक्रार आपण करत होतो, आणि यांनी तर आपल्यालाच अख्खं वाचून काढलं! डोळे भरून आले, ते लपवायचंही त्यांना सुचलं नाही.

"बाई, तुमचं वाक्य!"

बाई उठल्या आणि गोलात येऊन खाली बसल्या. "राक्षसीण म्हणाली... बसा ना, कधीची वाट बघतेय. आणि तिनं मुख्याध्यापकांना सांगायचं ठरवलं, की शनिवारचा हा वर्ग चालूच राहू दे."

"एकच वाक्य, बाई! चीटिंग!" पोरं ओरडली.

आता उरला फक्त गोष्टीदादा. एरवी अखंड बडबडणारा, पण आज त्याची जीभच अडखळली.

"एक लंबूटांग होता... तो शनिवारची वाट बघायचा ती — खरं सांगू? राक्षसिणीसाठी. पण वर्गाचा निकाल तिच्या हातात होता. आधी बोलला असता तर लाडीगोडी वाटली असती. आता विचारतो... त्यानंही डबा आणला तर चालेल?"

चिमुरडीनं बाईंची बाही ओढली. "सांगा ना, राक्षसीण काय म्हणाली?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, अगदी सरळ, पहिल्यांदाच.

"चालेल," त्या म्हणाल्या. "पण फक्त शनिवारी नाही... रोज आणायचा."