पाळण्याचे दोन टोले

खोटं वाटलं तर वाटू द्या. पण हे घडलेलं आहे. हिंगोली स्टेशनामागच्या, कापसातली सरकी काढायच्या एका जिनिंगात, एकेचाळीस सालच्या पौषात, भर दुपारी.

सांगणारा सोनाजी. हे सांगताना तो विडी विझवायचा. एरवी देवळातही विझवत नसे.

जिनिंगात कापूस नि माणसं माडीवर न्यायला लोखंडी पाळणा होता. शहरात त्याला लिफ्ट म्हणतात. सोनाजीनं खाली दांडा ओढला, की तो वर जाई.

मागल्या हंगामात तांड्यावरची रूपाबाई त्यात पाय टाकत होती. "थांब" म्हणाली. इंजिनाच्या धडधडीत सोनाजीला ऐकूच गेलं नाही.

त्यानं दांडा ओढला...

रूपाबाई जागीच गेली.

बैल गेला नि झोपा केला. मालकानं मग पाळण्याला जाळीचं दार लावलं, घंटा बसवली. आत जितकी माणसं, तितके टोले. मगच दांडा.

त्या दुपारी सोनाजीची बायको अनुसूया एकटीच पाळण्यात शिरली. याच हंगामात ती कामाला लागली होती. तिनं दार लावलं, घंटेची दोरी ओढली.

टण.

सोनाजीनं दांड्याला हात घातला, तोच...

टण.

"दोनदा काहून वाजवलं?"

"एकदाच वाजवलं! कान धुवा जरा."

तिचे दोन्ही हात डोईवरच्या पाटीला होते.

मुकादम उकंडराव खेकसला, "दोन टोले म्हंजी दोन मानसं, पाळण्याला तर चार चालत्यात. बराबर हाय की! ओढ. का बायकोला सोडवत न्हाई?"

सोनाजीनं दांड्यावरचा हात काढला.

"उतर. जिन्यानं जा."

"पाटी घेऊन?"

"उतर म्हणलं ना!"

ती पुटपुटत उतरली. जिना चढू लागली. सोनाजीनं दार लावलं. पाळणा रिकामा.

टण.

उकंडराव दोन पावलं मागं सरला. त्यानंही ऐकलं होतं.

एकदा ऐकलं नाही, ते एका बाईच्या जिवावर बेतलं. आता ऐकून न ऐकल्यासारखं कसं करायचं? सोनाजीनं दांडा ओढला. अगदी हळू.

दोरखंड कुरकुरला. माणूस आत असल्यावर कुरकुरतो, तसा.

वर जाळीचं दार उघडलं... मग लागलं.

आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. अनुसूयाही वरच गेली होती.

दांडा सोडून जाता येईना. दिवेलागणीला ती जिन्यानं खाली आली. धडधाकट.

"वर ती नवी बाई कोन हाय हो? पाटी उतरवाया हात दिला तिनं. बोलत मातर न्हाई."

सोनाजीनं तिच्या हातची पाटी काढून घेतली. दुसऱ्या दिवसापासून अनुसूयाला त्यानं कामावर आणलं नाही.

स्वतः मात्र हंगाम संपेस्तोवर दांड्यापाशी कान लावून बसला. वर गेलेल्याला खाली यायचं, तर टोला द्यावा लागतो...

तो जास्तीचा टोला काही आला नाही.