डोणीतली जागा

गोरिसा गावात जेवायला बसताना माणूस आधी स्वतःच्या मनगटाकडे बघायचा. मनगटात बोटभर रुंदीचं राखाडी कडं असायचं. ते गप्प राहिलं की बसायचं. बारीक थरथरलं की एक खुर्ची सोडून पलीकडे सरकायचं. ना भांडण, ना तंटा.

जॉर्जियाच्या डोंगरातल्या या गावची तरणी माणसं शहरात गेली, घरं ओस पडली, म्हणून परदेशातून माणसं आणून वसवायची योजना निघाली. पण सतरा देशांची माणसं एका ओसरीवर बसवायची तर डोकी फुटणार. त्यावर इलाज म्हणून हे मेळकडं. शेजारी कोण आल्यावर तुमची नाडी किती पळते, कातडीला घाम सुटतो का, तुम्ही किती अंतर राखता, एवढंच ते टिपायचं आणि गावयंत्राला कळवायचं. गावयंत्र म्हणजे पंचायतीच्या खोलीतली एक थंड पेटी. कुणी कुणासोबत काम करायचं, कुणी कुणाशेजारी बसायचं, ते रोज सकाळी ती ठरवायची, आणि मेळ जमत नाहीसं दिसलं की कडं थरथरवायची. कारण मात्र ती विचारायची नाही. कारण विचारलं की भांडण होतं, असं ती बनवणाऱ्या हुशार लोकांचं म्हणणं.

सुमेध खंडारे इथे आला होता महिनाभर हिंडायला. नळयोजनांचे आराखडे काढायचं त्याचं काम कुठूनही होण्यासारखं होतं. नातेला नावाच्या सत्तरीच्या विधवेनं त्याला माडीवरची खोली दिली आणि तो राहिलाच. तिला तो बेबो म्हणायचा. तिकडे आजीला तसं म्हणतात. चार महिन्यांत त्यानं कानातलं दुभाषी यंत्र काढून टाकलं आणि तोडकंमोडकं बोलायला लागला.

"तू अगदी माझ्या मेलेल्या सासूसारखा बोलतोस," बेबो म्हणायची. "तिचंही कुणाला काही कळायचं नाही."

पण गावानं त्याला खरं आपलं म्हटलं ते रांजणामुळे. इथे वाइन मुरवतात ती जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या, पुरुषभर खोल रांजणांत. सुगीआधी कुणाला तरी आत उतरून रांजण घासावे लागतात. पन्नास वर्षं ते काम करणाऱ्या झुराबचे गुडघे गेले होते. त्यानं पहिल्याच वर्षी सुमेधला विचारलं, "उतरशील?"

सुमेध रांजणाच्या काठापासून मागे सरला. त्याचा बाप शहरातल्या गटारात उतरला होता तो वर आलाच नव्हता. ठेकेदारानं कमरेला दोरीसुद्धा दिली नव्हती. एवढं शिकून, एवढा मुलूख ओलांडून शेवटी भोकातच उतरायचं?

झुराबनं आधी दोरीनं पेटती मेणबत्ती रांजणात सोडली. "ज्योत राहिली म्हणजे हवा आहे. विझली तर कुणी उतरायचं नाही. राजा आला तरी नाही."

सुमेध त्या ज्योतीकडे बघत राहिला. बापासाठी कुणी आगपेटीची काडीसुद्धा ओढली नव्हती.

तो उतरला. तासभर घासून, धुऊन वर आला, तेव्हा रांजणातून उपसलेलं शेवटचं पाणी झुराबनं ओंजळीत घेतलं आणि सगळ्यांसमोर पिऊन दाखवलं. "पिण्याजोगं निघालं. डोणीत पहिला पाय याचा!"

डोण म्हणजे ओंडका कोरून केलेलं लांब कुंड. त्यात गाव अनवाणी द्राक्षं तुडवतं. रांजण घासणाऱ्याचा पाय सगळ्यांत आधी, हा इथला मान. सुमेधनं पाय ठेवला, मागोमाग बेबो त्याचा खांदा धरून उतरली, आणि मग सगळं गाव.

दुसऱ्या वर्षाच्या सुगीनंतर त्याला कायमचा गावकरी करायचं ठरलं होतं. सुगीला चाळीसेक दिवस उरले असताना नचिकेत आणि मृण्मयी हे नवराबायको गावात राहायला आले. आल्याच दिवशी त्यांच्याही मनगटात कडी आणि कानात दुभाषी यंत्रं आली.

"अय्या, मराठी! या टोकाला!" मृण्मयी टाळी वाजवत म्हणाली. त्यांनी मेतकूट काढलं. दोन वर्षांनी मेतकुटाचा वास आल्यावर सुमेधला भरून आलं. खोटं कशाला बोला.

"मूळचे कुठले तुम्ही?" नचिकेतनं विचारलं.

"कळंबकडचा."

"हो, पण मूळचे?"

"कळंबकडचाच."

"आणि आडनाव काय म्हणालात?"

"म्हणालो नव्हतो. खंडारे."

"अच्छा."

बेबोला कळलं ते एवढंच, की चौकशी चालली आहे. तिनं कौतुकानं सांगून टाकलं, "यानं काल सहा रांजण घासले! एकट्यानं, आत उतरून!"

नचिकेतच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं. "आम्ही तसलं काही मानत नाही हं," मृण्मयी म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं.

दोघांची कडी थरथरली.

पुढे ते दोघं वावगा शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. सुमेधनं तोंडावर उत्तर दिलं असतं. पण त्यानं पेला पुढे केला की मृण्मयीचा हात अर्ध्या वाटेत थांबायचा, आणि नचिकेत बोलता बोलता पाऊलभर मागे सरकायचा. तोंडाला शहाणपण शिकवता येतं, घामाला नाही. कडी टिपत गेली, पेटी शिकत गेली. तिला जात ठाऊक नव्हती. तिला इतकंच दिसलं, की या माणसाजवळ मेळ बिघडतो. मग ती सुमेधची खुर्ची टोकाला टाकायला लागली, आणि कुणी त्याच्या जवळ बसायला गेलं की सावधगिरी म्हणून त्या माणसाचंही कडं थरथरवायला लागली. आधी पोलंडची माणसं सरकली. मग गावची. एक खुर्ची सोडून.

सुगीच्या सकाळी पंचायतीच्या भिंतीवर यादी उजळली. सुमेधनं ती तीनदा वाचली.

खंडारे सुमेध. कायमचा गावकरी: मंजूर. काम: रांजणसफाई, कायम. डोण: नाही. जेवण: फाटकाजवळचं टेबल.

अंगणात झुराब टोपल्या मांडत होता. सुमेध त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. "झुराबकाका, माझ्या हातचं पाणी तुम्ही प्यायला होता."

झुराबनं मान वर केली नाही. "माझ्या मनात काही नाही, पोरा. पण तू जवळ आलास की कडं थरथरतं. काहीतरी असल्याशिवाय थरथरेल का?"

"काय असेल?"

"मला काय ठाऊक! ते नको विचारू."

नचिकेत लगबगीनं मध्ये आला. "सुमेध, हा यंत्राचा घोळ आहे. मी स्वतः तक्रार करतो. फक्त आज सणाच्या दिवशी तमाशा नको."

"घोळ कसला? बरोबर शिकलंय ते. चाळीस दिवसांत शिकलं. तुमच्या घामाकडून."

"हे फार होतंय. मी एक शब्द तरी बोललोय तुम्हाला?"

"नाही ना! तेवढ्यासाठी तर यंत्र लागलं."

सुमेधनं बूट काढले, पाय धुतले आणि तो डोणीत उतरला. घोट्यापर्यंत गार द्राक्षं. त्याबरोबर अंगणातली सगळी कडी एकदम थरथरली, मधमाश्यांचं मोहोळ उठावं तशी. त्याच्याआधीच आत उतरलेले सातआठ जण पटापट बाहेर पडले. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही. सगळे आपापल्या मनगटाकडे बघत होते.

आत राहिली एकटी बेबो. डोणीच्या दुसऱ्या टोकाला, गुडघ्यापर्यंत झगा खोचून, एका हातानं दुसरं मनगट घट्ट दाबून.

"काय आहे रे हे?" तिनं विचारलं. "नाचक्कीसारखं काही केलंस का तू?"

"नाही, बेबो. आमच्या देशातलं दुखणं आहे. या दोघांसोबत आलं. कोण कुणाच्या पोटी जन्मला त्यावरून शेजारी कुणी बसायचं ते ठरतं. आणि माझ्यासारख्यानं भोकात उतरायचं असतं. कायम."

"जन्मावरून?" बेबो खुदकन हसली. मग त्याचा चेहरा बघून थांबली. "कधीपासून?"

"दोनेक हजार वर्षं तरी झाली."

तिच्या मनगटावरचं कडं थांबायला तयार नव्हतं. ती एक पाऊल त्याच्याकडे आली आणि तिथेच अडली, पायाखाली द्राक्षं फुटत होती.

"बरं," ती म्हणाली, सर्दीवरचा काढा विचारावा तितक्या सहज. "मग तुमच्याकडे ते गेलं कशानं?"