मागचा पट्टा

शनिवारची रात्र, पावणेबाराची वेळ. शहराबाहेर कालव्याच्या कडेने जाणारा दुपदरी रस्ता. एका लाल मोटारीला अपघात झाला. गाडीत चालवणारी मुलगी एकटीच होती.

बातमी एवढीच छापून आली. आतल्या पानावर, तळाला. मी दिली होती ती मोठी होती. पण त्याच पानावर जुन्या गाड्यांच्या मेळ्याची जाहिरात होती, म्हणून जागा नव्हती म्हणे. जाहिरातीला जागा असते, बातमीला नसते, हे मी नोकरीभर ऐकत आलो.

तो मोबाईल खाली ठेव. उद्या गाडी बघायला जाणार आहेस ना? रंग बघितलास, गाणी कशी वाजतात ते बघितलंस, छप्पर उघडतं की नाही तेही बघितलंस. तुझे हे दोघे मित्रही बरोबर जाणार, म्हणजे तीन शहाणे झाले. मग वीज येईपर्यंत ऐका. आणि हे ऐकीव नाही. ज्याच्या घरात घडलं तो माणूस माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा.

उपसंपादक होता. ऑफिसात सगळे त्याला भाऊ म्हणायचे. दुसऱ्याच्या मजकुरातली चूक त्याला दारातूनच दिसायची. बायको लवकर गेली, घरात तो आणि मुलगी. मुलीला ठमी म्हणायचे. नाव ठमी, पण अंगाने काडी. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत लागली होती, रक्त तपासायला. पाळी सुटायची रात्री साडेअकराला, आणि त्यानंतर घरी यायला धड काही मिळायचं नाही. कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून यायची. भाऊ खिडकीत उभा. म्हणून गाडी घ्यायची ठरलं. जुनीच, पण बरी.

"पांढरी घे," भाऊ म्हणाला. "पांढरी मळली तरी कळते, ठोकली तरी कळते."

"बाबा, मला गाडी हवीय. रुग्णवाहिका नकोय."

तीन रविवार हिंडले. एका गाडीत ओल्या कुत्र्याचा वास. एकीचा क्लच दाबताना गुडघा हनुवटीला लागायचा. प्रत्येक दलाल एकच सांगायचा, मालक परदेशी चाललाय, घाईत काढतोय. भाऊ एकाला म्हणाला, "सगळे मालक परदेशी गेले तर इथे कोण राहिलंय हो? तुम्ही आणि मीच?"

मग ती लाल गाडी दिसली. छोटी, चपळ, चार दारांची. ठमीने स्टिअरिंगवर हात ठेवला आणि भाऊला कळलं, आता पांढऱ्याचं नाव काढण्यात अर्थ नाही. भाव ऐकून तो मात्र जरा बिचकला. फारच कमी.

तरी त्याने पाहायचं ते सगळं पाहिलं. ओळखीचा गॅरेजवाला आणला. त्याने बॉनेट उघडलं, इंजिनाला कान लावला, ब्रेक दाबले, म्हणाला, घ्या डोळे झाकून. भाऊने डोळे उघडे ठेवून कागद वाचले. इंजिनाचा नंबर, चासीचा नंबर, आकडा न् आकडा जुळला. गॅरेजवाला गेला. मग ठमी चालवायला बसली, भाऊ तिच्या शेजारी.

"या, बसा मागे," भाऊ दलालाला म्हणाला.

"नको नको. तुम्ही मोकळेपणाने बघा. मी येतो की स्कूटरवरून."

इथे जरा थांबा. या दलाल मंडळींवर मी किती लिहिलंय, किती नोटिसा खाल्ल्यात, ते जाऊ द्या. पण गिऱ्हाईक गाडी फिरवायला निघालं की दलाल मागच्या सीटवर बसतो. बसतोच. एक म्हणजे गाडी पळवून नेतील म्हणून, आणि दुसरं, तोंड चालू ठेवायला. हा मात्र भर उन्हात स्कूटरवरून मागे मागे आला. गाडीत पाय ठेवला नाही. भाऊला ते सभ्यपणाचं वाटलं. दोघांनीही सगळी परीक्षा पुढे बसून केली. मागे बसून कुणी पाहिलंच नाही.

गाडी घरी आली. दुसऱ्या दिवशी भाऊ आतून पुसायला गेला, तर मागचा डावीकडचा पट्टा लावलेला. सीट रिकामी, आणि पट्टा आडवा लावलेला. धुणाऱ्या पोराने लावला असेल म्हणून त्याने बटण दाबलं. पट्टा सुर्रकन वर गुंडाळला गेला.

दोन दिवसांनी पुन्हा लावलेला.

"बाबा, तुम्ही लावता का तो?"

"मी पुढचा लावायला कुरकुर करतो. मागचा कशाला लावू?"

वायरिंगचा घोळ असेल म्हणतोस? वायरिंगने दिवा लागतो. पट्टा हाताने लागतो.

मग आवाज सुरू झाला. ठमी रात्री इस्पितळाच्या वाहनतळात गाडीत बसायची, आपला पट्टा लावायची. टक्. आणि थोड्या वेळाने, मागून, डाव्या बाजूने... टक्.

पहिल्यांदा तिला वाटलं, आपल्याच आवाजाचा पडसाद. दुसऱ्यांदा ती उतरली, मागचं दार उघडून पाहिलं. कुणी नाही. पट्टा लावलेला. तिने सोडला, पुन्हा पुढे येऊन बसली. आपला लावला. टक्.

मागून... टक्.

ती घाबरली, पण बापाला सांगितलं ते चार दिवसांनी. कारण लाल गाडीचा हट्ट तिचा होता ना. सांगितल्यावर भाऊ हसला नाही. म्हणाला, परत देऊन टाकू. दुसऱ्या दिवशी दोघं गेले तर दुकानाचं शटर बंद. शेजारचा टायरवाला म्हणाला, मालक परदेशी गेलेत.

हसताय. भाऊही मला सांगताना हसला होता.

दुसरी सोय नव्हती. गाडी वापरायची आणि गिऱ्हाईक शोधायचं, असं ठरलं. रोज दुपारी कामावर निघताना ठमी मागचा पट्टा सोडायची आणि रोज रात्री इस्पितळातून निघताना बापाला फोन लावायची. फोन गाडीच्या स्पीकरवर. घर येईपर्यंत दोघं काहीबाही बोलत राहायचे. बडबड्या मुलीच्या तोंडाला कुलूप लागू नये, एवढंच भाऊला हवं होतं.

त्या शनिवारीही दुपारी तिने पट्टा सोडला. भाऊ दारात उभा होता, त्याने पाहिलं. पट्टा नीट गुंडाळला गेला. हे लक्षात ठेवा.

रात्री फोन आला.

"बाबा, निघाले." आवाज हलका होता. "आज काय झालं माहितीये? माझा पट्टा लावला. थांबले. मागून काहीच नाही."

"नक्की?"

"नक्की. कदाचित कंटाळला असेल. तुमचं रोज रोजचं बोलणं ऐकून कुणीही कंटाळेल."

भाऊ म्हणाला, "उद्या एकजण बघायला येतोय गाडी. पांढरी घेऊ आता."

"घेऊ. पांढरी तर पांढरी."

कालव्याचा रस्ता लागला. तिथे दिवे नाहीत. खांब आहेत, दिवे नाहीत. त्यावरही मी लिहिलं होतं. ठमी गाणं गुणगुणत होती. मोकळा रस्ता पाहून वेग वाढवला असणार, इंजिनाचा आवाज चढलेला भाऊला ऐकू येत होता.

मग गुणगुणणं थांबलं.

"ठमे?"

काही नाही.

"ठमे, काय झालं?"

"बाबा..."

"बोल."

"गाडी मागे... खाली बसली. कुणी बसल्यासारखी."

"आरशात बघू नकोस. पुढे बघ."

"..."

"ठमे."

श्वास. नुसता श्वास. भाऊ शपथेवर सांगतो, त्यात दोन श्वास होते. एक तिचा, जोरात चाललेला. दुसरा... सावकाश.

आणि मग त्याने ते ऐकलं. आपल्या घरात, आपल्या खुर्चीत बसून, स्वतःच्या कानांनी.

टक्.

ठमीने ब्रेकवर पाय दिला. तिला समोर काही दिसलं नव्हतं. फक्त त्या आवाजाने तिने ब्रेक मारला, सगळा जीव पायात आणून. गाडी आडवी झाली, घसरत गेली, मागची बाजू पुलाच्या कठड्यावर आदळली. मग फोन बंद.

आणि पुढे, गाडीच्या दिव्यांच्या उजेडाबाहेर, रस्त्याच्या मधोमध, एक ट्रक उभा होता. बिघडलेला. मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही, दगडसुद्धा नाही. ब्रेक जरा उशिरा लागला असता, तर ती त्याच्या खाली गेली असती.

ठमी वाचली. खांद्याचं हाड मोडलं, ते जुळलं. ट्रकचा चालक तिच्याकडे धावला, तेव्हा ती पुढच्या सीटवर पट्ट्यात लटकलेली होती आणि तिच्या पाठीमागे गाडी नव्हती. पुढचा अर्धा भाग रस्त्यावर. मागचा अर्धा कठड्यापलीकडे, उतारावर. सुरीने कापावा तशी मधोमध दुभंगलेली.

गाडी अशी तुटत नाही, मुलांनो. चेपते, चुरगळते, पण दोन होत नाही. विमा कंपनीचा सर्वेअर माझ्या वर्गातला. त्याने मला पोलिस ठाण्याच्या आवारात नेलं आणि कडा दाखवल्या. पत्र्यावर वेल्डिंग, वेल्डिंगवर खाचा बुजवायची लांबी, लांबीवर लाल रंग. मागच्या भागावर खरवडलं तर खाली निळा. दोन अपघातांतल्या दोन गाड्या. एकीचं तोंड शाबूत होतं, दुसरीची पाठ. कुणीतरी त्या कापल्या, जोडल्या, रंगवल्या आणि एक गाडी म्हणून मुलीला विकल्या. आणि ती तपासून, रस्त्यावर चालायला योग्य, असा शिक्का मारणारा हात कुठल्या तरी सरकारी टेबलाला होताच. तो हात मी अजून शोधतोय. या टेबलावरून त्या टेबलावर पाठवतात, चहा पाजतात, साहेब रजेवर आहेत म्हणतात.

पुढच्या भागाचे नंबर जुळले, ते भाऊने पाहिलेच होते. त्याचा जुना मालक सापडला. चांगला जिवंत होता, त्याच्या गाडीला मागून टँकर धडकला होता. म्हणजे त्याची पाठ गेली होती, तोंड राहिलं होतं. मागच्या निळ्या भागावर मात्र नंबरच नव्हता. असायची ती जागा घासून काढलेली.

म्हणजे कुठेतरी एक निळी गाडी समोरून चेपली होती. तिची पाठ राहिली. त्या पाठीत कोण बसलं होतं...

नाही, मला ठाऊक नाही. त्याने तिला वाचवलं की त्याला सोबत हवी होती, तेही मला ठाऊक नाही. ठमीला विचाराल तर ती विषय बदलते. ती आता पांढरी गाडी चालवते आणि निघण्याआधी मागच्या सीटवर स्वतः बसून बघते. तुम्हीही उद्या दलालाला म्हणा, या, बसा मागे. नाही म्हणाला तर सरळ घरी या.

आता सर्वेअरने दाखवलं ते सांगतो.

त्या मागच्या अर्ध्या भागात डावीकडचा पट्टा लावलेला होता. नुसता लावलेला नाही. ताणलेला, आणि त्याच जागी अडकलेला. कडांना घासल्याचे ताजे व्रण. बटण दाबलं, सुटेना. ओढला, हलेना. सर्वेअर म्हणाला, गाडी आदळताना पट्ट्याला माणसाच्या वजनाचा हिसका बसला तरच तो असा अडकतो. मी म्हटलं, जुन्या अपघातातला असेल. त्याने विचारलं, मग त्या दुपारी गुंडाळला कसा गेला?

सीट आणि पट्टा यांच्यात मोकळी जागा होती. सर्वेअरने त्यात हात घातला आणि लगेच काढून घेतला. बारीक अंगाचं माणूस मावेल एवढी.

पुढचा भाग भंगारवाल्याने नेला. मागचा अजून ठाण्याच्या आवारात पडून आहे, कारण मालक कोण ते कुणी लिहून देत नाही. मी गेल्याच आठवड्यात जाऊन आलो.

पट्टा अजून लावलेलाच आहे.