मागच्या रांगेतून आलेलं 'नाही'

खोटं वाटत असेल तर वाटू द्या. त्या दुपारी मशिदीच्या अंगणात दोनशे माणसं होती, आणि 'मी काही ऐकलं नाही' असं त्यातलं एकही आजवर म्हणालेलं नाही.

गाव काराजाओवा. दहा वर्षांपूर्वीचा जानेवारी, शुक्रवार. नमाज नुकतीच संपली होती. दगडी ओट्यावर दुरमुश आगाचं मयत असलेला ताबूत, लाकडी पेटी, ठेवला होता. शेजारी त्याचा मुलगा उभा... रेमझी गुरुजी, भूगोलाचे निवृत्त मास्तर.

गुरुजींनी आदल्याच वर्षी आमच्या तालुक्याचा भूगोल-इतिहास लिहिला होता. कुठला डोंगर किती उंच, बोझसू नदी कुठून निघते, कुठल्या वाडीत किती उंबरे, सगळं चोख. पण त्यात एक ओळ होती.

'१९५० च्या हिवाळ्यात नदीपलीकडची वरची वाडी स्वखुशीनं उठून गेली.'

स्वखुशीनं म्हणे!

त्या हिवाळ्यात वरच्या वाडीत तापाची साथ आली. एक्केचाळीस माणसं बर्फ तुडवत पुलाशी उतरली. साथ इकडे येऊ नये म्हणून पुलाच्या राखणदारानं फळ्याच काढून घेतल्या. पलीकडून हाका येत राहिल्या...

पहाटे थांबल्या.

तो राखणदार म्हणजे हाच दुरमुश. बापानं हे मुलाला एकदाच सांगितलं होतं, आणि मुलानं झाकली मूठ तशीच ठेवली. आम्हाला कळलं ते त्या दुपारनंतर.

मेलेला कुणाचं देणं लागत असेल, कुणावर त्यानं अन्याय केला असेल, तर ते माफ व्हावं म्हणून मातीआधी आमच्याकडे इमाम जमलेल्यांना तीनदा विचारतात. सुआत इमामांनीही विचारलं, "मयतावरचा आपला हक्क माफ केलात?"

"माफ केला!" अंगण एका आवाजात म्हणालं.

"माफ केलात?"

"माफ केला!"

आणि मागून...

"नाही."

बाईचा आवाज होता. जनाज्याच्या रांगेत बाई कुठून येणार?

"कोण आहे रे तिकडे?" गावचा खाटीक खेकसला. "मेल्या माणसाशी थट्टा करता, लाजा नाही वाटत?"

तरी इमामांनी तिसऱ्यांदा विचारलं. आता 'नाही' म्हणणारे बरेच होते. म्हातारे होते, पोरं होती.

आम्ही वळून पाहिलं. शेवटच्या रांगेमागे नुसती भिंत होती. भिंतीशी फरशीवर ओल्या अनवाणी पावलांचे ठसे... ओळीनं.

"उचला, आधी उचला!" खाटीक म्हणाला.

सहा जणांनी जोर लावला. ताबूत तसूभर हलेना.

"अहो आगा, जन्मभर चिमणीसारखं जेवलात, आणि आज हे काय?" कुणीतरी बोललं. हसलं कुणीच नाही.

इमाम गुरुजींच्या कानाशी आले. "कुणाचा हक्क राहिलाय, ठाऊक असेल तर बोला गुरुजी. वडिलांच्या वतीनं त्यांची माफी मागा. बाप आहे तुमचा. असा सोडून जाणार का त्याला?"

गुरुजींचा बापावर फार जीव होता. लहानपणी याच बापानं त्यांना पाठीवर घेऊन शाळेत पोचवलं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण त्या वाक्यानं बाप खुनी ठरणार होता आणि आपण खोटारडे. तेही अख्ख्या गावासमोर.

"कुणाचाही नाही," गुरुजी मोठ्यानं म्हणाले.

मागे कुणीतरी हसलं.

...आणि ताबूत उचलला गेला. अगदी सहज.

"शुकर आहे देवाचा!" लोक म्हणाले आणि खांदा द्यायला धावले. पण खांदा दिलेला माणूस दोन पावलांत शेजारच्याचं तोंड बघे. चढावरही कुणाला दम लागला नाही.

कबरीत मुलानं उतरायचं असतं. गुरुजी उतरले. झाकण निघालं, त्यांनी कफन उराशी घेतलं... ते हातात मधोमध वाकलं.

गुरुजींनी गाठ सोडली.

आत बर्फ होता. डोक्यापासून पायापर्यंत माणसाच्या आकारात भरलेला, भुसभुशीत.

दुसरं काही नव्हतं.

कुणी कलमा म्हणायला लागलं, कुणी पळालं. गुरुजी कबरीत तसेच बसून राहिले. तेवढ्यात खालून, नदीपलीकडून, दुरमुश आगाच्याच म्हाताऱ्या गळ्याची हाक आली...

"रेमझी... फळ्या टाक रे, बाळा..."

पूल तर कधीचा सिमेंटचा झालाय. गुरुजी धावत पलीकडे गेले. पलीकडे कुणी नव्हतं, आणि हाक आता आणखी पुढून येत होती.

बर्फ पडला की दर वेळी ती हाक येते. गुरुजी एकटेच काठाशी उभे असतात.

आम्ही खिडक्या लावून घेतो.