नऊ नंबरचं उत्तर

पद्मिनी करंबेळकर एकसष्टाव्या वर्षी कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागल्या, तेव्हा लखनौच्या मराठी मंडळातल्या चार बायकांनी नाकं मुरडलीच. मुरडू देत बापड्या. बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या बाईला कॉम्प्युटरचं काय कौतुक? पण तिथे समोर येईल तो रकाना भरायचा, एवढंच काम होतं. आता त्यांना इंटरनेटवर स्वतःचं एक पान लावायचं होतं. एकच. नवऱ्यासाठी.

गोपीनाथराव वनस्पतिशास्त्रज्ञ. अकरा वर्षांपूर्वी जूनमधल्या एका दुपारी आंब्याच्या पानांचे नमुने आणायला लखनौजवळच्या मलिहाबादला गेले. बागेच्या कडेला जीप थांबवली, ड्रायव्हरला "दोन मिनिटांत आलो" म्हणाले आणि झाडांत शिरले. ड्रायव्हर दिवेलागणीपर्यंत बसून राहिला. पुढे पोलीस झाले, पेपरात फोटो झाले, ज्योतिषी झाले. माणूस नाही, साधी चप्पलसुद्धा सापडली नाही.

लेक आर्या आता नोकरीला लागली होती, गोमती नगरला फ्लॅटमध्ये राहत होती. आईने महानगर मोहल्ल्यातलं घर सोडून आपल्याकडे यावं म्हणून दोन वर्षं तिने धोशा लावला होता. "आई, अब बस करो ना यार. थक गई हो तुम." थकल्या होत्या, यात काय खोटं? वाट बघून बघून जिवाचं पार चिपाड झालं होतं. पण घर सोडलं आणि नेमका त्याच आठवड्यात माणूस आला तर? दाराला कुलूप बघून परत फिरला तर? शेवटी मायलेकींत ठरलं. पान करायचं, जगभर लावायचं, आणि जानेवारीत आईने गोमती नगरला यायचं. यानंतर कुणी मला बोल लावू नये, मीसुद्धा मला लावणार नाही, असं पद्मिनीबाईंनी मनाशी ठरवलं.

क्लास घराजवळच्या कपूरथला चौकातल्या बाजारात होता, चपलांच्या दुकानावरच्या मजल्यावर. मंगळवार-शुक्रवार, दुपारी तीन. लांबट खोली, भिंतीला लागून आठ कॉम्प्युटर, खालून येणारा रबराचा वास. डिसेंबर होता. दुपारचं ऊनसुद्धा ताकासारखं पांढरं, आणि गुडघे असे धरलेले की तो जिना चढताना बाईंना दोनदा थांबावं लागे. शिकवणारे राघव सर तिशीतले, गळ्यातला मफलर कधी न सोडणारे. पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, नवशिक्यांना बाहेरचं इंटरनेट नाही. आठही मशीन एका डब्याला जोडलेली आहेत. जे काय होईल ते या खोलीतल्या खोलीत.

"हर मशीन का एक नंबर है, आंटी जी, जैसे मकान का होता है," ते म्हणाले. "नंबर लिखकर आवाज़ दीजिए. जो होगा, वो जवाब देगा. साथ में टाइम भी आएगा. जितनी दूर, उतना ज़्यादा टाइम."

पद्मिनीबाईंनी एकापासून हाका मारायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. प्रत्येकाचं उत्तर डोळ्याची पापणी लवायच्या आत. असेना का मशीन, हाक मारली की ओ देतं, याचंच त्यांना बरं वाटलं. अकरा वर्षांत एवढं सुख कुणी दिलं नव्हतं. सात, आठ. हात लागलाच होता, त्या ओघात त्यांनी नऊसुद्धा लिहिला.

उत्तर आलं. पण लगेच नाही. जवळजवळ चार सेकंद लागले.

"सर, हा नववा कुठला?"

राघव सरांनी डबा उलटासुलटा करून वायरी मोजल्या. आठ. परत मोजल्या. आठच. "कोई पुरानी मशीन रही होगी, डिब्बे को याद रह गई," ते म्हणाले, आणि वायरी जागेवर ठेवून पुढचा धडा घेतला. 

शुक्रवारी पान करायला घेतलं. वर नाव, खाली फोटो, उंची, रंग, अंगात पांढरा बुशशर्ट, डाव्या भुवईवर व्रण. आणि इथे पद्मिनीबाईंचा हात नको तिथे चालला. मंडळाच्या हळदीकुंकवाची आमंत्रणं वीस वर्षं त्यांनीच लिहिली होती. परक्या गावातली मराठी माणसं, एकमेकांची घरं कुठली सापडायला? म्हणून प्रत्येक आमंत्रणाखाली त्या घराची खूण लिहायच्या, अगदी जिन्यापर्यंत. तीच सवय. पानाच्या तळाशी त्यांनी लिहिलं: 'कपूरथला चौकातून औषधांच्या दुकानासमोरची गल्ली. निळ्या फाटकाचं तिसरं घर. जिना बाहेरून आहे. बेल बिघडली आहे. दार लोटलेलंच असतं, सरळ आत यावं.'

राघव सर म्हणाले, "घर का पूरा रास्ता कोई लिखता है, आंटी जी? फोन नंबर दीजिए बस."

"त्यांना फोन नंबर आठवत नसला तर?" बाई म्हणाल्या. 

मग सरांनी एक गंमत दाखवली. पान कुणी उघडलं की त्याची नोंद राहते, कुठल्या नंबराने उघडलं आणि किती वाजता. बाईंनी आपली यादी काढली. त्यांच्या स्वतःच्या मशीनने दोनदा. सरांच्या मशीनने एकदा.

नऊ नंबरने एकेचाळीस वेळा.

सगळ्या नोंदी गेल्या अर्ध्या तासातल्या. चष्मा विसरलेला माणूस एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचतो, तसं.  बाईंनी नऊला हाक मारली. उत्तर आलं, या वेळी पावणेतीन सेकंदांनी.

मंगळवारी दीड सेकंद.

"सर, वेळ कमी झाला म्हणजे काय?"

"मतलब... पास आ गया," राघव सर म्हणाले, आणि खुर्ची थोडी मागे घेतली. "आंटी जी, आप इसको छोड़ दीजिए ना."

त्या दिवशी पद्मिनीबाई घरी आल्या आणि स्वेटरही न काढता पलंगावर बसल्या. आनंद व्हायला हवा होता. देवापुढे साखर ठेवायला हवी होती. मन चाचपून पाहिलं, तर आत नुसती धडकी. अकरा वर्षं जो माणूस कुठे होता ते कुणाला ठाऊक नाही, तो जिथून येतोय तिथून काय होऊन येतोय? आणि त्याहून वाईट एक गोष्ट होती, ती त्यांनी त्या दिवशी प्रथमच कबूल केली. सहा वर्षांपूर्वी त्यांनी त्याचे सगळे शर्ट देऊन टाकले होते. पलंगाच्या मधोमध झोपायची सवय झाली होती. वाट बघायची तेवढी उरली होती, तो यायला नको होता. "मेले बये," त्या स्वतःलाच म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसले.

शुक्रवारी त्या क्लासला अर्धा तास आधी पोचल्या.

नऊ नंबरचं उत्तर पाव सेकंदात आलं.

"सर, माझं पान पुसून टाका. आत्ता. माझ्यासमोर."

राघव सरांनी कारण विचारलं नाही. पान पुसलं. पाठोपाठ बाईंनी नऊला हाक मारली. उत्तर नाही. दुसरी हाक. नाही. चार हाका, आणि पडद्यावर चार ओळी, कुणी नाही म्हणून सांगणाऱ्या. बाईंना हुंदका आला. सुटले, असं त्यांना वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

सर मफलरशी चाळा करत उभे होते. "आंटी जी, एक बात है. हमने अपनी तरफ़ से मिटा दिया. पर जिसने खोलकर पढ़ लिया, उसके पास तो रहता है."

बाईंनी जिन्यातूनच आर्याला फोन लावला. "जानेवारी नको. आत्ता ये."

आर्या ऑफिसातून तशीच निघाली. चारच्या सुमाराला गाडी निळ्या फाटकाशी लागली. दोन बॅगा, औषधांचा डबा, देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा. बाकीचं मागाहून. अकरा वर्षांत प्रथमच पद्मिनीबाईंनी दाराला कुलूप घातलं आणि दोनदा ओढून पाहिलं. खाली दोन वर्षांपूर्वीच राहायला आलेल्या कल्पना भाभींकडे आर्याने नवा पत्ता लिहून ठेवला. आर्या गाडी चालवायला बसली, बाई मागे बॅगांशेजारी बसल्या, खिडकीकडे तोंड करून. गोमतीचा पूल कधी गेला ते त्यांना कळलंही नाही.

गोमती नगरचा फ्लॅट सातव्या मजल्यावर. बाल्कनीत अजून थोडं ऊन होतं. "तू बैठ, मैं चाय बनाती हूँ," म्हणून आर्या आत गेली. पद्मिनीबाई बाल्कनीत खुर्ची ओढून बसल्या, घराकडे पाठ करून. पाय पसरले, डोळे मिटले. किती वर्षांनी असं अंग सैल सोडलं होतं.

फोन वाजला. कल्पना भाभी.

"दीदी, पहुँच गईं? अरे, वो मिल गए ना आपको?"

"कौन?"

"जो ऊपर आए थे. कहने लगे, दरवाज़ा तो खुला रहने की बात थी. बड़े भले आदमी, पर धीरे-धीरे बोलते हैं, जैसे बहुत दिन से बोले न हों. मैंने आर्या वाली पर्ची दे दी. रास्ता भी समझा दिया, पुल, सिग्नल, लिफ़्ट, सब."

पद्मिनीबाईंनी विचारलं, "कब?"

"अरे, तभी तो! आप लोग गाड़ी में बैठ रहे थे. मैंने कहा, दौड़िए, अभी निकली नहीं हैं. आगे बेटी के बगल में बैठ भी गए, मैंने देखा. आपने देखा नहीं?"

बाईंनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. आत कपाटातून कप काढल्याचा आवाज आला. एक, दोन. मग तिसरा.

"आई," आर्याने स्वयंपाकघरातून विचारलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती घरात मराठीत बोलत होती, लहानपणी बोलायची तशी. "बाबांच्या चहात साखर घालू ना?"