हर्षद घटाटेंचा प्रतिदेह

पडद्यावर हर्षद घटाटे पुन्हा एकदा मेले, तेव्हा डॉ. इरावती मेश्राम यांनी खुर्ची मागे सरकवली.

"पुरे कर, सुकृत. खरा माणूस तिकडे माझ्या वॉर्डात ठणठणीत आवाजात उपम्याला नावं ठेवतोय."

चिरंतन आरोग्य विमा कंपनीच्या नागपूर केंद्रातली ही थंडगार खोली. डॉ. सुकृत दाणी कंपनीचे मंजुरीतज्ज्ञ होते. दोघं मेडिकलला एकाच वर्गात होते, त्यामुळे भांडताना आडपडदा नसे.

"हजार वेळा चालवून पाहिलं, इरा. नऊशेच्या वर वेळा गेले. मी काय करू?"

विमा घेतलेल्या प्रत्येकाच्या मनगटावर कंपनीची पट्टी असे. नाडी, घाम, त्वचेची ऊब, झोप, सगळं ती टिपत राही आणि त्यातून संगणकात त्या माणसाचा एक जुळा घडत जाई. तोच प्रतिदेह. महागडा उपचार आधी या जुळ्यावर करून बघायचा; एरवी तो कुणी उघडतही नसे. जुळा तगला तर खर्च मंजूर, नाही तर नकार. कंपनीशी वाद घालता येत असे, पण जुळ्याशी कोण वाद घालणार?

"हृदय विषाणूने खिळखिळं केलंय, हे मान्य," सुकृत म्हणाले. "ते चित्र तुमच्याकडूनच घेऊन प्रतिदेहात बसवलं. बाकी देह पाच वर्षांच्या नोंदींचा. नव्या हृदयपेशी रुजवायच्या तर रोगप्रतिकार दाबावा लागतो. तो दाबला की अस्थिमज्जेत झोपलेला एक रोग जागा होतो आणि महिन्याभरात खेळ खलास. एरवी तब्येत वयाच्या मानाने तरुण आहे. रोज तळ्याला फेरी मारणारा माणूस."

"हर्षदराव? ते तर जिना बघूनच दमतात. आणि मज्जा मी तपासली आहे, स्वच्छ आहे."

"तुमच्या तपासणीत दिसायला अजून दोन वर्षं लागतील. घामातून आधी कळतं. आणि रुग्णालयाची तपासणी आम्ही धरत नाही. शस्त्रक्रियेतून तुम्हाला उत्पन्न मिळतं."

"आणि नकारातून तुम्हाला मिळत नाही वाटतं!"

इरावती पाय आपटत निघाल्या. शस्त्रक्रिया झाली नाही तर हर्षदराव दिवाळी बघणार नाहीत, हे त्यांना माहीत होतं आणि त्या म्हाताऱ्या नवरा-बायकोवर त्यांचा जीव जडला होता.

वॉर्डात नेहमीचंच चाललं होतं. भूमितीचे निवृत्त शिक्षक असलेले हर्षदराव पलंगावर बसून उपम्याच्या वडीचे कोन मोजत होते आणि त्यांच्या पत्नी तृप्तीताई त्यांना दटावत होत्या.

"पाहा ना डॉक्टर, लेकरासारखा करून राहिला. आणि तुमचा चेहरा काहून उतरला? थांबा, मी चहा आणते." त्या लगबगीने जिन्याकडे गेल्या. लिफ्ट त्यांना कधीच आवडली नाही.

इरावतींनी सगळं सांगून टाकलं: नकार, मज्जा, झोपलेला रोग. हर्षदराव ऐकता ऐकता खुदकन हसले आणि मग पोट धरून हसायला लागले.

"अहो, तो देह माझा नाहीच डॉक्टर! रोज चाललं तर विम्याच्या हप्त्यात सूट होती ना? मला चालायचा भारी कंटाळा. मग तृप्तीच दोन्ही हातांत दोन पट्ट्या घालून फुटाळा तळ्याला फेऱ्या मारायची. मी ठेल्यावर तर्री-पोहे हाणत तिच्या पिशवीची राखण करायचो. घरी आलं तरी माझी पट्टी तिच्याच हाती. मला खाज सुटायची! इथं भरती झालो तेव्हा पहिल्यांदा हातात घातली. तेव्हा सांगा त्या शहाण्याला, ती मज्जा माझी..."

ते थांबले. हसू तोंडावरच राहिलं, डोळ्यांतून मात्र गेलं.

इरावतींनाही त्याच क्षणी कळलं. तृप्तीताई गेल्या होत्या त्या जिन्याकडे दोघांची नजर वळली.

"आता धरलं, तर बरं होते का ते?" हर्षदरावांनी हळूच विचारलं.

"आता धरलं तर गोळ्यांनी बरं होतं. दोन वर्षांनी धरलं तर काही सांगता येत नाही. पण हर्षदराव, माझ्या तपासण्यांत तृप्तीताईंमध्ये काहीच दिसणार नाही. कंपनीने त्यांचा प्रतिदेह उघडायला हवा आणि त्याला कारण एकच: तुमची कबुली. ती दिली की तुमची पॉलिसी जाईल. मग शस्त्रक्रियाही गेली."

"लावा फोन," हर्षदराव म्हणाले. "पटकन लावा, ती यायच्या आत. आली तर बोलू देणार नाही."

सुकृतनी सगळं ऐकून घेतलं. मग पलीकडे नुसता कळफलकाचा आवाज येत होता.

"इरा, तृप्ती घटाटेंचा प्रतिदेह उघडलाय. तोच रोग, त्याच जागी. ही दोन माणसं नाहीतच, एकच बाई आहे. त्यांच्या गोळ्या मी आत्ताच मंजूर करतोय."

"आणि हर्षदराव?"

"त्यांना प्रतिदेहच नाही. आणि प्रतिदेह नसेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरचा शब्द अंतिम. फार जुना नियम आहे. कुणी काढला नाही, कारण असा माणूसच उरला नव्हता. तुझी सही पुरे."

"फसवणूक केली म्हणून पॉलिसी रद्द नाही करणार?"

"ते लिहायचं तर पाच वर्षं आम्हाला बायकोचा देह नवऱ्याचा वाटला, हेही लिहावं लागेल. मग ज्याला ज्याला नकार दिला, तो दाराशी येईल. यायलाच हवेत, म्हणा. सूट आम्हीच दिली. दोन-दोन पट्ट्या घातलेली माणसं या शहरात किती असतील, कुणास ठाऊक. उद्यापासून जुने नकार काढून बसतो मी."

इतक्या वर्षांत इरावतींना सुकृतचं पहिल्यांदाच कौतुक वाटलं. फोन ठेवून त्या वळल्या. हर्षदराव पांघरुणाच्या टोकाने डोळे पुसत होते.

"मी वाचेन का, डॉक्टर?"

"आता सांगायला जुळा नाही. मला वाटतं, वाचाल."

"तुम्हाला वाटते ना? मग झालं."

तृप्तीताई चहा घेऊन आल्या. नवऱ्याचा चेहरा बघताच त्यांनी कपाळावर हात मारला.

"सांगितलं ना पट्टीचं? पोटात काही म्हणून राहत नाही याच्या! आता गेलं ना ऑपरेशन?"

"नाही गेलं. होणार आहे," हर्षदराव म्हणाले. त्यांनी तृप्तीताईंच्या हातातला चहा घेऊन बाजूला ठेवला. "बस जरा इथं. डॉक्टरांना तुझ्याशी बोलायचं आहे."

"माझ्याशी?" तृप्तीताई हसल्या. "मला काय धाड भरली? मी तर रोज चालते."

इरावतींनी त्यांचा हात हातात घेतला.

"चाललात, म्हणून तर वेळेत कळलं, ताई."