गुरुवारच्या खुर्च्या

दर गुरुवारी दुपारी आमच्या क्लबात चहा असतो. काब्वे गावात रेल्वेतून, शाळांतून, दवाखान्यांतून निवृत्त झालेली आम्ही माणसं पत्र्याच्या हॉलमध्ये पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून बसतो. आधी अध्यक्ष बा सिलुंग्वे उभ्याने बातम्या सांगायचे. इथे मानाने पुरुषाला बा म्हणतात, बाईला बाना. कुणाच्या नातवाचं लग्न ठरलं, कुणाचा मोतीबिंदू निघाला, मुलुंगुशी धरणावरची सहल कधी आहे. मग चहा, तेलात तळलेले गरम गोड विटुंबुवा आणि बाटल्यांच्या बुचांच्या सोंगट्या करून मांडलेला ड्राफ्ट्सचा डाव.

मी इथल्या सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. मेलेली माणसं इतकी पाहिली आहेत, की त्यांची मला कधी भीती वाटली नाही. जिवंत माणसांचा मात्र राग येतो. हे सांगतानाही येतोच आहे.

ऑक्टोबरात मी मुलीच्या बाळंतपणासाठी न्डोलाला गेले होते. परतल्यावर पहिल्याच गुरुवारी क्लबात गेले. बातम्या झाल्या, चहा आला, पण एस्नार्ट कुठे दिसेना. एस्नार्ट माझी जुनी मैत्रीण. शाळेत शिकवायची, आणि हसली की अख्ख्या हॉलला ऐकू जायचं.

"एस्नार्टला बरं नाही का?" मी शेजारच्या बाना मुलेन्शीला विचारलं.

ती चहा ढवळत राहिली. साखर कधीच विरघळली होती.

"तुम्हाला कुणी कळवलं नाही, सिस्टर?"

"काय कळवायचं?"

"ती गेली. आम्हाला वाटलं, कुणीतरी फोन केला असेल तुम्हाला."

बाकीचं मी एकेकाला धरून काढून घेतलं. एस्नार्टने ठरवलं होतं, यंदा अध्यक्षपदाला आपण उभं राहायचं. चहाच्या वेळी ती सगळ्यांदेखत म्हणाली, "बा सिलुंग्वे त्या खुर्चीत इतकी वर्षं बसलेत, की आता खुर्चीलाच त्यांचा आकार आलाय." लोक हसले. बा सिलुंग्वे हसले नाहीत. त्यांनी खास सभा बोलावली आणि क्लबाचा अपमान केल्याबद्दल तिला समोर उभं केलं. तिच्या आसपासच्या रिकाम्या खुर्च्या त्यांनी आधीच उचलायला लावल्या होत्या.

एस्नार्टचं हृदय दुबळं होतं. तिचे पाय सुजायचे. फार वेळ उभी राहू नकोस, असं मीच तिला बजावलं होतं. तिने खुर्ची मागितली. "उत्तर देणाऱ्याने उभं राहून उत्तर द्यायचं असतं," बा सिलुंग्वे म्हणाले. थोड्या वेळाने तिने पुन्हा मागितली. हॉल भरलेला होता, सगळे बसलेले होते, आणि एकही माणूस उठला नाही. चहाच्या टेबलाची कड धरून ती दुपारभर उभी राहिली. त्या आठवड्यातच गेली. तिच्या मातीला क्लबातलं कुणी फिरकलं नाही. त्या दिवशी सहल होती. धरणावर ब्रीम मासे भाजले होते. छान झाले होते, असं मला दोघांनी सांगितलं.

मी तडक बा सिलुंग्वेंसमोर जाऊन उभी राहिले.

"तिला खुर्ची का दिली नाहीत?"

"सभेचे काही नियम असतात, सिस्टर."

"ती गेल्याची बातमी तरी सांगितलीत?"

"तिचं सदस्यत्व रद्द झालं होतं. इथे आपण सदस्यांच्याच बातम्या सांगतो." हे ते अगदी नम्रपणे म्हणाले, चहा थंड आहे असं सांगावं तसं.

"पुढच्या गुरुवारी सांगा," मी म्हटलं. "आणि ती कशी गेली, तेही सांगा."

पुढच्या गुरुवारी त्यांनी ते सांगितलं नाही. बाकीच्या बातम्या संपवून ते बसायला वळले आणि तसेच थांबले.

"खुर्ची कमी पडली वाटतं," ते हसून म्हणाले.

सेक्रेटरी बा चिबेसाकुंदा मागून एक खुर्ची घेऊन आले आणि ती टेबलापाशी ठेवली. बा सिलुंग्वेंनी चहाचा कप घेतला, खुर्चीकडे पाहिलं आणि कप घेऊन भिंतीशी जाऊन उभे राहिले. खुर्ची रिकामी होती. मला वाटलं, माझ्यावर रुसण्याचं नाटक चाललंय.

"बसा की," मी म्हटलं.

"तिथे बसलंय ना कुणीतरी," ते वैतागून, हळू आवाजात म्हणाले.

त्यानंतरच्या वेळी त्यांनी घरची लाकडी खुर्ची आणली, उशीसकट. ती सगळ्यांनी पाहिली. ते बसायला वाकले आणि चटकन सरळ झाले. एखाद्याच्या मांडीवर चुकून बसता बसता माणूस सावरतो, तसे.

"माफ करा," ते त्या उशीला म्हणाले.

कुणी हसलं नाही. बाहेर जॅकरांडाची फुलं पत्र्यावर पडत होती.

मी त्यांच्याजवळ गेले. "कोण बसलंय?"

"कुणी म्हातारी आहे. मान खाली आहे तिची. पाय चोळत बसलीय." त्यांच्या कपाळावर घाम होता. "सिस्टर, तुम्हाला दिसत नाही?"

मला दिसत नव्हतं. पण मला दया आली, असं मी म्हणणार नाही.

मग एका सकाळी त्यांची बायको माझ्या दारात आली. कमरेला गुंडाळलेल्या चितेंगेच्या टोकाने डोळे पुसत म्हणाली, "चर्चमध्येही उभे असतात. घरी जेवताना उभे. पलंगावर आडवं व्हायचं म्हटलं तर म्हणतात, कडेला कुणीतरी बसलंय. तुम्ही एकदा बघा त्यांना."

मी गेले. ते फडताळाला टेकून उभे होते. मी त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबला. काढला तरी खड्डा तसाच राहिला. हे असले पाय मी ओळखत होते.

"औषध आहे का काही?" बायकोने विचारलं.

"औषध डॉक्टर देतील. पण यांना म्हणावं, बातमी सांगा. जशी घडली तशी."

"तुमच्या मनात एवढा राग आहे, सिस्टर?"

"आहे," मी म्हटलं.

त्या गुरुवारी बा सिलुंग्वे दोन काठ्या टेकत आले. सगळ्यांच्या समोर उभं राहून, खाली पाहत म्हणाले, "कळवण्यास दुःख होतं, की आपल्या माजी सदस्या श्रीमती एस्नार्ट कालुंगा यांचं अल्पशा आजाराने, शांतपणे निधन झालं."

मी उठले. "हे खोटं आहे. ती कशी गेली, ते सांगा."

"राहू द्या ना आता," बा चिबेसाकुंदा म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाला किती छळायचं?"

"पाहवत नाही हो," बाना मुलेन्शी म्हणाली. सगळ्यांनी माना हलवल्या.

मी सेक्रेटरींकडे वळले. "ही दया त्या दिवशी कुठे ठेवली होती? तुम्ही पुढच्या रांगेत होतात, बा चिबेसाकुंदा. तुमच्यापासून ती हातभर अंतरावर उभी होती."

बा सिलुंग्वेंनी तोंड उघडलं. ते बोलतील, असं मला खरंच वाटलं. मग त्यांनी तोंड मिटलं.

पाऊस सुरू व्हायच्या आत ते गेले. भिंतीला टेकलेले होते, तसेच गेले, असं त्यांची बायको सांगते. त्यांच्या मातीला सगळा क्लब होता. एकाच कापडाचे चितेंगे नेसून बायका तासभर गायल्या. मी गेले नाही.

पुढच्या गुरुवारी बा चिबेसाकुंदांनी बातम्या सांगितल्या. बा सिलुंग्वेंवर फार सुंदर बोलले. सगळ्यांचे डोळे भरून आले. मग ते बसायला वळले.

ते उभेच राहिले.

"इथे कुणी आहे का?" त्यांनी बाना मुलेन्शीला विचारलं.

"नाही हो," ती म्हणाली.

त्यानंतरच्या गुरुवारी ती स्वतः दारातच थांबली. हॉलभर नजर फिरवली, आणि गुपचूप खिडकीशी जाऊन उभी राहिली.

मग बाकीचेही, एकामागून एक. एस्नार्टला उभं केलं त्या सभेत जे जे बसलेले होते, ते सगळे.

कुणी त्याबद्दल बोलत नाही. क्लब बंद करावा, असंही कुणी म्हणत नाही. गुरुवारी खुर्च्या मांडल्या जातात, बातम्या होतात, चहा येतो. भिंतींच्या कडेने सगळे कप धरून उभे असतात, एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत. मधल्या रिकाम्या खुर्च्यांमध्ये मी एकटी बसते. माझ्याकडे पाहून कुणी विनवणी केली, तर मी विचारते, "सांगता का, ती कशी गेली?" ते नजर वळवतात.

आता मला शेजारून श्वास ऐकू येतो. छातीत पाणी झालेल्या माणसाचा. वॉर्डात तो मी जन्मभर ऐकला आहे. मी मान वळवून पाहिलेलं नाही.

आज चहा संपला. रागाने बसावं तरी किती, असं पहिल्यांदाच मनात आलं, आणि मी उठायला लागले. तेव्हा शेजारच्या खुर्चीतून कुणीतरी माझ्या मनगटावर हात ठेवून मला पुन्हा खाली बसवलं.

हात चांगला ऊबदार होता.